आणि त्यांचे कुटुंबीय

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

नवी वही. ही कोणी वाचणार नाही हे ठाऊक आहे, पण कारकुनाला अर्धवट लिहायची सवय नसते, म्हणून सगळं नीट सांगतो.

मी वेणीमाधव, वय सत्तेचाळीस, राज्यसभेचे सभासद सिद्धलिंगप्पा वकील यांच्या सोलापूरच्या ऑफिसातला एकुलता एक माणूस. टायपिंग, टपाल, आल्यागेल्याला पाणी, सगळं मीच. वकिलांना गाव अप्पा म्हणतं, मीही तेच म्हणतो.

आज मंद्रूपच्या सोजरबाई आल्या होत्या. त्यांच्या मुलाचं, महिपतीचं पत्र आल्याचा निरोप मी परवा एसटीच्या कंडक्टरजवळ दिला होता. महिपती बोअरच्या यंत्रावरचा मेकॅनिक. बहात्तरच्या दुष्काळात आपल्याच जिल्ह्यात बोअर घेत हिंडला. पुढे इथिओपियात तसाच दुष्काळ पडला, तेव्हा भारत सरकारने मदत म्हणून दोन यंत्रं आणि सात माणसं पाठवली, त्यांत हा एक. जानेवारीत गेला, करार दोन वर्षांचा. पासपोर्टाच्या अर्जावर अप्पांची सही होती, तेव्हापासून पत्रं आमच्याच पत्त्यावर येतात. गावात पत्र वाचायला घेतलं की दहा जण भोवती बसतात, ते सोजरबाईंना नको असतं.

महिपतीने लिहिलंय, तिथली जमीन आपल्यासारखीच आहे, वर चार हात माती आणि खाली खडक. दोनशे फुटांवर पाणी लागलं तेव्हा बाया पाण्यात हात बुडवून नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी: “जेवणाची काळजी करू नको. आता अल्माझकडे जेवतो. आंबट धिरड्यासारखं असतं, सवय झाली.”

“अल्माझ कोन?” सोजरबाईंनी विचारलं.

“खानावळवाला असेल.”

“तेवढं परत वाचा की.”

मी तेवढं तीनदा वाचलं. मी स्वतः खानावळीत जेवतो, त्यामुळे मुलाच्या जेवणाची आईला काय काळजी असेल ते मला समजतं. जाताना त्यांनी माझ्यासाठी आणलेल्या दोन भाकरी आणि शेंगांची चटणी टेबलावर ठेवली.

२० जानेवारी १९७५, सोमवार

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली, ऑफिसात पुन्हा माणसं येऊ लागली. आज चनमल्लप्पा आला होता. त्याचं साप्ताहिक आहे, आणि बोलताना तो अग्रलेखच बोलतो.

“अप्पा, तुम्हाला राज्यसभेत जाऊन अडीच वर्षं झाली. एक प्रश्न विचारलात? एक?”

अप्पा हसले. ते सरकारी पक्षाचे. त्यांचं म्हणणं असं की आपल्याच घरच्या वडीलमाणसाला चारचौघांत काय विचारायचं.

“मी देतो प्रश्न,” चनमल्लप्पा म्हणाला. “आपल्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतात. आणि सरकार आफ्रिकेत बोअर मारतंय. हे कुठलं परराष्ट्र धोरण? विचारा. पहिल्या पानावर छापतो.”

अप्पांना ते पटलेलं दिसलं. मला मसुदा करायला सांगितला. परदेशांना दिलेली मदत किती, कशाच्या आधारावर, देशातल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांना यंत्रं कमी असताना ती बाहेर का पाठवली. अ, ब, क असे तीन भाग पाडले. खरं सांगायचं तर टाइप करताना मजा आली. इतकी वर्षं मी फक्त शिफारसपत्रं टाइप करतोय.

३ मार्च, सोमवार

महिपतीचं पत्र. मजकूर थोडा. लिहितो: “मी लहान असताना पोट दुखून रडायचो तेव्हा तू काय उगाळून द्यायचीस ते सविस्तर कळव. किती वेढे, कशात, दिवसातून किती वेळा.”

मला काळजी वाटली. परक्या पाण्याने पोट बिघडलं असणार. सोजरबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. मुलगा आजारी आणि आई हसते, हे काही बरं दिसेना. त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं: वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, आईच्या दुधात. इथे मी थांबलो. म्हटलं, तिथे आईचं दूध कुठून मिळणार, गाईच्या दुधात लिहू का?

“न्हाय, वेणूभाऊ. सांगितलंय तसंच लिवा.”

लिहिलं. खाली माझ्याकडून एक ओळ घातली की पाणी उकळून प्यावे.

मग त्यांची नजर टाइपरायटरवरच्या मसुद्यावर गेली. तो परवा दिल्लीला जायचा आहे. त्यांनी विचारलं म्हणून मी वाचून अर्थ सांगितला.

“ह्या कागदानं काय व्हईल?”

“सरकारला उत्तर द्यावं लागेल. कदाचित यंत्रं परत बोलावतील.”

मग म्हणाल्या, “दुष्काळात आमी खडी फोडाया जात हुतो. तवा लाल मिलो ज्वारी आली हुती, बोटीनं, कुठनं कुठनं. पोरास्नी सुकडी आली. ज्येनी धाडली त्येंच्या गावात समदी पोटं भरली हुती का, ते आमी इचारलं न्हाय. खाल्लं. आन् आता माजं पोरगं कुनाला पानी दावतंय तर ते तुमी बंद करनार व्हय?”

“तसं नाही, सोजरबाई. लोकांचा पैसा आहे, तो कसा वापरला हे विचारणं सभासदाचं काम आहे.”

“इचारा की. पर आदी हे इचारा, तितली मानसं कशी हायत. पानी लागलं का. यंत्र बिगडलं तर कोन दुरुस्त करतंय. हे कायच न्हाय तुमच्या कागदात.”

आतल्या खोलीत अप्पा होते. बाहेर आले, मसुदा काढून घेतला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. बाईंना म्हणाले, “पाणी प्या, आई.” अप्पा अडुसष्ट वर्षांचे, सोजरबाई फार तर पंचावन्नच्या.

मसुदा दिल्लीला जाणार नाही. चनमल्लप्पा रागावलाय.

२५ मार्च, मंगळवार

सोजरबाईंनी पार्सल दिलं. जुन्या लुगड्याची गोधडी, पण एवढीशी, टेबलावरच्या टिपकागदापेक्षा थोडी मोठी. परदेशी पार्सलाला वजनाची मर्यादा असते हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. हुशार बाई आहे. टाके मात्र काय बारीक घातलेत. कडेला लाल कापडाची झालर.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या एका यंत्रमागवाल्याकडून मी एक टॉवेल घेतला आणि पार्सलात घातला. महिपतीला उपयोगी पडेल.

६ मे, मंगळवार

उन्हाने डोकं फुटायची वेळ. दोन महिन्यांत महिपतीचं पत्र नाही. पेपरात इथिओपियातल्या गडबडीबद्दल चार ओळी असतात. राजाला तर मागेच गादीवरून उतरवलं, आता सैन्याचा कारभार, आणि ठिकठिकाणी बंडं. महिपतीचा तळ देसे नावाच्या गावाच्या खाली, उजाड मुलखात.

दिल्लीला दोन खात्यांकडे पत्रं टाकली होती. पहिलं म्हणतं, माणसं दुसऱ्याच्या अखत्यारीत. दुसरं म्हणतं, यंत्रं आमची, माणसं पहिल्याची. दोन्ही पत्रांची भाषा उत्तम होती. मी स्वतः अशी शेकडो पत्रं लिहिलीत, कधी वाईट वाटलं नव्हतं.

सोजरबाई दर मंगळवारी येतात. “हाय का?” विचारतात. मी नाही म्हणतो. पाणी पितात आणि परतीच्या एसटीला जातात.

१२ जून, गुरुवार

नागपूरहून एक पत्र आलं. लिहिणारा महिपतीच्याच तुकडीतला इंजिनिअर. तुकडीला परत बोलावलं, तीस मे रोजी सहा जण विमानाने मुंबईला उतरले. सातवा महिपती. तळ सोडायच्या आदल्या दिवशी तो तिथल्या भारतीय वकिलातीच्या माणसाशी काही तरी वाद घालत होता, मग म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. विमानतळावर आलाच नाही. त्यानंतर त्यांना त्याची काही खबर नाही.

कंडक्टरजवळ निरोप धाडून सोजरबाईंना बोलावलं, आणि त्यांना हे कसं सांगायचं याची सकाळपासून तालीम केली. सांगताना सगळं विसरलो आणि पत्रच वाचून दाखवलं.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “त्यो एकला यायचा न्हाय.”

“एकटा कसा? सहा जण होते की बरोबर.”

माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जशी माझी आई मी हिशेब चुकल्यावर पाहायची. मग खाली बसल्या, भिंतीला टेकून, आणि तासभर उठल्या नाहीत.

१७ जून, मंगळवार

अप्पा स्वतःहून म्हणाले, “वेणीमाधव, प्रश्न विचारायचा. जुलैत अधिवेशन होईल असं दिसतं.”

दुपारभर मसुदा केला. सोजरबाई समोर बसल्या होत्या. (अ) इथिओपियाला तांत्रिक मदत म्हणून भारतातून किती यंत्रे व माणसे पाठवली. (ब) त्यांनी किती विहिरी घेतल्या, किती चालू आहेत व त्यांची देखभाल कोण करते. (क) परत न आलेल्यांचा ठावठिकाणा सरकारला माहीत आहे काय. ब हा भाग पूर्णपणे बाईंचा आहे. मार्चमध्ये म्हणाल्या होत्या तेच.

मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “आन् त्येंची बायकापोरं.”

“महिपतीचं लग्न झालेलं नाही, सोजरबाई.”

“तरी बी घाला.”

“राज्यसभेत गैरलागू मजकूर चालत नाही.”

अप्पा खुर्चीतून म्हणाले, “घाल रे. शाई काय लागते.”

म्हणून क मध्ये “परत न आलेल्या व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय” असं केलं. वाक्य त्यामुळे जड झालंय. मला आवडलेलं नाही.

२७ जून, शुक्रवार

काल सकाळी रेडिओवर आणीबाणी सांगितली. गिरणीचा भोंगा नेहमीसारखा झाला, दुकानं उघडली, पण माणसं हळू बोलत होती. विरोधी पक्षाच्या दोघांना पहाटे घरातून नेलं म्हणतात.

चनमल्लप्पाचा अंक आला. अग्रलेखाची जागा कोरी. तो स्वतः आला नाही.

मागची काही पानं फाडावीत असं मनात आलं. त्यांत प्रश्नाचा मसुदा आहे. हात लावला आणि थांबलो. एका बाईचा मुलगा कुठे आहे, एवढंच तर त्यात विचारलंय. वही मात्र तांदळाच्या डब्यात ठेवू लागलोय. मला इतकं घाबरता येतं हे माहीत नव्हतं.

४ जुलै, शुक्रवार

प्रश्नाच्या सूचनेवर अप्पांची सही हवी होती. कागद समोर ठेवला. त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

“यात बंडाचं काय आहे, दाखव.”

“काही नाही, अप्पा.”

“मग माझा हात का थरथरतो?”

“वय, अप्पा.”

“वय नव्हे,” म्हणाले, आणि सही केली. नेहमीची वळणदार नाही आली. मी लगेच पाकीट बंद केलं आणि स्वतः मोठ्या पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. परतताना पाय हलके वाटत होते.

२३ जुलै, बुधवार

दिल्लीहून अप्पांचा ट्रंककॉल. खरखर फार होती.

“वेणीमाधव, प्रश्नोत्तराचा तासच नाही या अधिवेशनात. ठराव झाला. कोणाचेच प्रश्न होणार नाहीत.”

“मग आपला?”

“कोणाचेच नाहीत म्हटलं ना.” मग म्हणाले, “मी हात वर केला, ठरावाच्या बाजूने. सगळ्यांनी केला.”

फोन कटला की त्यांनी ठेवला, समजलं नाही.

२९ जुलै, मंगळवार

सोजरबाईंना सांगितलं. त्यांना वाटलं प्रश्न विचारला आणि उत्तर वाईट आलं. नाही, म्हटलं, विचारलाच नाही, विचारायचंच बंद झालंय.

“किती दिस?”

“काही दिवसांची गोष्ट असेल.”

“आमच्या गावात पाटील आसंच म्हनायचा, जरा गप ऱ्हावा. वरीस गेलं तरी गपच.” त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, “वेणूभाऊ, तुमी जेवला का?” मी खोटंच हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून भाकरी काढून ठेवली.

दुपारी दार लोटून मी बराच वेळ बसून राहिलो. वीस वर्षं मी लोकांच्या अडचणी कागदावर उतरवून वर पाठवतोय, आणि वर कोणी तरी त्या वाचत असतं असं मानून चाललोय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

अप्पांचं पत्र. त्यांच्या हातचं, चार पानं. इतकं लांब पत्र त्यांनी मला कधी लिहिलेलं नाही. महत्त्वाचं उतरवून ठेवतो.

“ठरावाला हात वर केल्यावर मला झोप लागेना. तिसऱ्या दिवशी परराष्ट्र खात्यात गेलो आणि अधिकाऱ्याच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. म्हटलं, सभागृहात नाही तर नाही, इथे विचारतो. दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी एका तरुण अधिकाऱ्याने आत बोलावलं. त्याच्यापुढे आपल्या प्रश्नाची फाइल होती. वेणीमाधव, प्रश्न दाखल झाला तेव्हाच उत्तर तयार करायला त्यांनी वकिलातीला तार केली होती. तास रद्द झाला तो नंतर. तार परत कोण बोलावणार? ब भागासाठी विहिरी मोजायच्या म्हणून वकिलातीचा एक माणूस जीप घेऊन निघाला, बंद रस्ता टाळत तीन दिवसांनी देसेच्या खाली पोचला. अकरा विहिरींपैकी नऊ बंद. दोन चालू. त्या दोन चालवतोय आपला महिपती.

“तो सुखरूप आहे. मे महिन्यात विमानाच्या यादीत त्याचं एकट्याचं नाव होतं, म्हणून तो चढला नाही. त्याची बायको तिथलीच आहे, अल्माझ नावाची, आणि सहा महिन्यांची मुलगी. वकिलातीला हे कागदावर माहीत नव्हतं. आपल्या प्रश्नात ‘कुटुंबीय’ शब्द होता म्हणून जीपवाल्याने विचारलं. सोजरबाईंना कसं सांगायचं ते तू बघ. धक्का बसेल. जपून सांग.

“मला वाटायचं प्रश्न म्हणजे सरकारला अडवणं. पण माझ्या हयातीतल्या पहिल्या प्रश्नाने, जो झालाच नाही, एक माणूस तीन दिवस धूळ खात गेला आणि विहिरी मोजून आला. आधी विचारायला हवं होतं.”

पत्र वाचून झालं आणि सोजरबाई जिना चढून आल्या. मी त्यांना आधी पाणी दिलं. बसायला सांगितलं. मन घट्ट करा म्हटलं. महिपती खुशाल आहे म्हटलं. मग म्हटलं, एक गोष्ट आहे, ऐकून रागावू नका. अल्माझ हा खानावळवाला नाही.

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “लेक का ल्योक?”

“मुलगी.”

आणि आता त्या रडल्या. पाच महिने ज्या रडल्या नव्हत्या त्या भिंतीला टेकून ढसाढसा रडल्या, आणि मधेच हसत होत्या. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. वेखंड, आईचं दूध, एवढीशी गोधडी. सगळं माझ्याच हाताने गेलं, आणि मी खाली लिहिलं की पाणी उकळून प्यावे.

८ सप्टेंबर, सोमवार

नवी अडचण. करारात फक्त महिपती बसतो. बायको आणि मुलगी यांच्या प्रवासाला हमी लागते: अप्पांची सही, आणि घरच्या कर्त्या माणसाचं लेखी, की यांना घरात घेऊ.

सोजरबाईंचे यजमान कधीच वारलेले, त्यामुळे घरात कर्त्या त्याच. बरोबर त्यांचे दीर कोंडीबा आले होते. डोक्याला पटका, हातात काठी. ते मला म्हणाले, “साहेब, हे लिवून घिऊ नका. परमुलखातली बाई. जात न्हाय, देव न्हाय ठावं. घरात घेटली तर भावकी येगळी व्हईल. वयनीला कळत न्हाय.”

सोजरबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “माज्या लेकाला ती तितं जिवू घालत हुती तवा तिनं इचारली न्हाय त्येची जात.”

“पर हितं गाव हाय, वयनी.”

“मग गावातच ऱ्हा तू. घर माजं हाय.”

कोंडीबा खूप वेळ काठीचं टोक फरशीवर फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, “पोरगी कुनावर गेलीय?”

“आजून बगितलीय कुनी?”

“महिपती ल्हानपनी माज्याच खांद्यावर आसायचा,” ते म्हणाले, आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. पण निघून गेले नाहीत.

मी फॉर्म भरला. नाते, या रकान्यात काय घालू असं विचारलं. “सून आन् नात,” त्या म्हणाल्या. मी तसं टाइप केलं. त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि इतका दाबून उठवला की कागदाच्या मागे खळगा पडला.

८ ऑक्टोबर, बुधवार

आले. सकाळच्या गाडीने, मुंबईहून.

स्टेशनवर सोजरबाई, अप्पा, मी, आणि खांबाआड उभे असलेले कोंडीबा. महिपती काळवंडलाय, दाढी वाढलीय. मागून ती उतरली. उंच, सडपातळ, अंगावर पांढरी सुती शाल, पोर पाठीला बांधलेलं. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. सरळ सोजरबाईंकडे आली, वाकली, आणि त्यांच्या गुडघ्यांना ओठ लावले.

“पाया पडाया कुनी शिकीवलं हिला?” सोजरबाईंनी विचारलं.

“त्येंच्यात बी थोरल्यांना आसंच करत्यात, आये,” महिपती म्हणाला.

सोजरबाईंनी तिची हनुवटी धरून वर केली, नीट पाहिलं. “लई वाळलीय,” म्हणाल्या. मग पाठीवरचं पोर सोडून घ्यायला हात पुढे केले. पोरीने आजीच्या कपाळावरचं गोंदण पकडायचा प्रयत्न केला.

कोंडीबा खांबाआडून आले आणि ट्रंक उचलून चालू लागले. महिपती त्यांच्यामागे धावला.

स्टेशनबाहेर अप्पांनी महिपतीला विचारलं, “त्या दोन विहिरी?”

“दोगा पोरास्नी शिकवून आलोय, साहेब. वॉशर बदलता येतो त्येंना. पर वॉशर न्हाईत तितं.”

अप्पांनी खिशातून डायरी काढून तेवढं टिपून घेतलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

मंद्रूपला गेलो होतो. सोजरबाईंनी जेवायला बोलावलं होतं. इतक्या वर्षांत कोणाच्या घरी मुद्दाम जेवायला गेल्याचं आठवत नाही. नवा सदरा घातला.

भावकीतली दोन घरं बोलत नाहीत. बाकीच्या बाया काही ना काही मागायच्या निमित्ताने डोकावून जातात, पोरीचे कुरळे केस बघून जातात. अल्माझला शेतातली ज्वारी बघून आनंद झाला म्हणे, त्यांच्याकडे तेच पीक. भाकरी तिला थापता येत नाही, तुकडे पडतात. आज तिने थापलेली मला वाढली. मी दोन खाल्ल्या. खरंच चांगली होती, फक्त आकार नव्हता.

जेवण झाल्यावर सोजरबाईंनी मला अंगणात बसवलं. हातात कागद आणि पेन दिलं. माझ्यासाठी मुद्दाम मागवून ठेवलेलं.

“वेणूभाऊ, पत्र लिवायचं हाय.”

“कोणाला? महिपती तर आला.”

“हिच्या आयेला.” त्यांनी स्वयंपाकघराकडे हनुवटीने दाखवलं. “ती बी मंगळवारच्या मंगळवार कुटंतरी जात आसंल, हाय का म्हनून इचारत. बोटीत बसली का, पोचली का, सासू कशी हाय. तिला कोन सांगनार?”

मी म्हटलं, टपाल तिकडे नीट चालत नाही, पण अप्पा त्या जीपवाल्या माणसाकडून पोचवतील. मराठीत लिहू, मी इंग्रजी करतो, वकिलातीतलं कोणी त्यांच्या भाषेत करेल. महिपतीला विचारलं, “त्यांना वाचता येतं का?”

“न्हाय.”

“मग कसं?”

“आसंल की तितं बी कुनीतरी तुमच्यावानी,” सोजरबाई म्हणाल्या.

मी कागद मांडीवर सरळ केला. अल्माझ पोर कडेवर घेऊन बाहेर आली आणि माझ्याजवळ खाली बसली. तिला मी नाव विचारलं, तिच्या आईचं. तिने सांगितलं. मला नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, माझ्या ओठांकडे बघत, मला येतं का ते पाहत. तिसऱ्यांदा मी तिच्याबरोबर म्हटलं. वर्कनेश. तिने मान हलवली, आणि मी लिहिलं.